पाकिटावरचं पीठ

गल्ली नंबर सहा, पुंडलिकनगर,
छत्रपती संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप अनंतकाकांना सोमनाथचा साष्टांग नमस्कार.

काका, आधी कबूल करून टाकतो. तुमचं श्रावणातलं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहायला बसलो होतो. तारीख टाकली, नमस्कार टाकला आणि पेनातली शाई संपली. नवं पेन आणायला खाली उतरलो, तर गजानन महाराज मंदिराच्या चौकात एक म्हातारा कुलपांच्या किल्ल्या बनवत बसलेला. कुलपात पट्टी फिरवतो, कानाशी नेऊन आवाज ऐकतो, मग कानस मारतो. तासभर तेच बघत बसलो. पेन राहिलं. त्या गोष्टीला आता अडीच महिने झाले.

फोन करून मोकळं व्हावं, तर दोन वर्षं झाली तुमच्या कानांनी काम सोडलंय. तुमच्याशी बोलायचं म्हणजे समोर बसून पाटीवर लिहून दाखवावं लागतं. आई रोज दुपारी तुमची भाकरी घेऊन येते, ती बिचारी हातवाऱ्यांवरच भागवत असेल. तर लिहिणं आलं. आणि लिहायला या वेळी कारणही आहे.

बिडकीनकडं जी नवी वसाहत झालीय ना, तिथल्या एका कंपनीत मी अर्ज टाकलाय. गाड्यांच्या बॅटऱ्यांना लागणारे पत्र्याचे डबे तिथं बनतात. मला डबे बनवायचे नाहीत. काम असं आहे की दिवसभर शेडमधून फिरायचं आणि कुठं काय धोक्याचं दिसतंय ते वहीत लिहायचं. कुठं तेल सांडलंय, कुठं वायर उघडी आहे, काल कुणाचं बोट यंत्रात कसं सापडलं. सेफ्टी ट्रेनी म्हणतात. चार वर्षांत सात नोकऱ्या सोडल्या मी, काका, पण फिरायचा पगार देणारी नोकरी पहिल्यांदाच दिसली. शिक्षण बारावी पाहिजे. माझी बाहेरून का होईना, दुसऱ्या झटक्यात का होईना, झालीय.

बाबा काय म्हणाले होते ते तुमच्या ओट्यावरच म्हणाले होते, तेव्हा तुम्हाला ऐकू येत होतं. "गळ्यात कंपनीचं कार्ड घालून येशील त्या दिवशी बोलू." तेव्हापासून मी आपल्या पिशोरला पाय ठेवला नाही. तर हे कार्ड मला पाहिजे. बाकी सगळ्या नोकऱ्या मी अशातशाच धरल्या होत्या, ही धरून ठेवायची आहे.

अडचण एकच. मुलाखतीच्या आधी एक चाचणी आहे. गणित नाही, इंग्रजी नाही. चिकित्सक विचार चाचणी. माणूस विचार कसा करतो ते बघतात म्हणे. माझ्या खोलीत मंदार म्हणून एक मुलगा राहतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्यानं सरावाचा पेपर आणून दिला. त्यातला एक प्रश्न जसाच्या तसा लिहितो.

"सकाळी सातची बस आली नाही. प्रवाशांनी आगारात फोन केला. फोन कोणी उचलला नाही. निष्कर्ष: आगारात कोणी हजर नव्हते." याच्यापुढं पाच घरं. खरं, बहुतेक खरं, माहिती अपुरी, बहुतेक खोटं, खोटं. एकावर खूण करायची.

मी धडधडीत "खोटं"वर खूण केली. आगारात माणसं असतातच. मी स्वतः कितीतरी सकाळी तिथं बसलोय. चार जण चहा पीत असतात आणि फोन शेजारच्या खोलीत वाजत असतो. मंदार म्हणाला, चूक. उत्तर "माहिती अपुरी". मी म्हणालो, अरे मला माहिती आहे ना. तो म्हणाला, तुला आहे, पेपरला नाही. यावर आमचं जेवण होईस्तोवर भांडण चाललं. मग भाजी खारट कुणी केली यावर गेलं.

काका, तुम्ही चाळीस वर्षं कन्नडच्या तहसीलसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले. वाक्यात काय मावतं आणि काय नाही हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? मला हे शिकवा. चाचणी २२ तारखेला आहे.

तुमचा
सोमनाथ

*

पिशोर, ता. कन्नड
११ नोव्हेंबर २०२५

चीरंजीव सोमनाथ यास अनंतरावाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. अक्षर निराळे दिसेल, दचकू नये. दिवाळीपासून माझ्या उजव्या हाताला कंप सुटला आहे. सबब लेखनिक ठेवला आहे. मी तोंडाने सांगतो, लेखनिक लिहितो. लेखनिकाचे नाव सांगण्यास त्याची स्वतःची मनाई आहे, ती मी पाळतो.

आता तुझा बसचा प्रश्न. मंदार बरोबर, तू चूक. तुला आगार ठाऊक आहे हाच तुझा दोष. त्या कागदाला आगार ठाऊक नाही. कागदाने सांगितले इतकेच की फोन उचलला गेला नाही.

माझ्याकडे एक इसम आला होता. विहिरीवरची मोटार चोरीस गेली, शेजाऱ्याविरुद्ध अर्ज लिहा म्हणाला. मी विचारले, शेजाऱ्याला नेताना पाहिलेस काय. तो म्हणे, पाहायला कशाला पाहिजे, दुसरं कोण नेणार. मी कोऱ्या कागदावर मधोमध आडवी रेघ ओढली. रेघेवर लिहिले ते त्याने डोळ्यांनी पाहिलेले: मोटार जागेवर नाही, पाईप खोलून ठेवलेला आहे, चिखलात गाडीची चाकोरी आहे. रेघेखाली लिहिले ते त्याला वाटलेले: शेजाऱ्याने नेली. मग त्याला म्हणालो, अर्ज रेघेवरचाच जाईल, खालचे तुझ्यापाशी ठेव. तो रागावून गेला. आठ दिवसांनी समजले की त्याच्याच जावयाने मोटार वाइंडिंगसाठी कन्नडला नेली होती. सांगायचे विसरला होता. पाईप कापलेला नव्हता, खोललेला होता, हे त्या इसमाने स्वतःच मला सांगितले होते. चोर पाना घेऊन बसत नाही. पण शेजारी डोक्यात बसल्यावर पाईप कोणाला दिसतो.

माझ्या चाळीस वर्षांच्या कामात इतकीच विद्या आहे. प्रत्येक प्रश्नाला मनातल्या मनात रेघ ओढ. तुझे डोके लई फिरते, ते रेघेखाली फिरू दे, वर येऊ देऊ नको.

इथं अद्रकीला यंदा कीड नाही. थंडी पडू लागली आहे.

आशीर्वाद.
अनंतराव

ता. क. चाचणीच्या दिवशी दहीसाखर खाऊन निघावे.

*

पुंडलिकनगर
२४ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

परवा चाचणी देऊन आलो. बिडकीनच्या बसमध्ये कंडक्टर एका बाईला समजावत होता की तिकिटावर संभाजीनगर छापलंय म्हणजे औरंगाबादच, आणि बाई म्हणत होती की मग दोन्ही लिही ना बाबा. त्यांचं ऐकत बसलो आणि एक थांबा पुढं गेलो. उलटा चालत आलो. तरी वेळेत पोहोचलो. दहीसाखर खाल्ली होती.

एका थंडगार खोलीत आम्ही चौदा जण. प्रत्येकापुढं स्क्रीन. चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं. नीरजा मॅडम म्हणून एक बाई होत्या, त्यांनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि घड्याळ चालू केलं. सुरुवातीचे सोळा प्रश्न मी तुमची रेघ ओढून धडाधड सोडवले. खरं सांगतो, मजा आली. रेघ ओढली की डोक्यातला बाजार एका बाजूला होतो.

सतराव्यापासून दुसरा भाग होता, गृहीतकं. विधान असं: "आपल्या गावात वाचनालय सुरू केले तर गावातील सर्वांना रोजच्या बातम्या कळतील." त्याच्याखाली: "गृहीतक: गावातील सर्वांना वाचता येते." आणि दोनच घरं. गृहीत धरलेले आहे. गृहीत धरलेले नाही.

मी अडकलो, काका. सर्वांना कुठं वाचता येतं? आमच्याच घरात आईला येत नाही. मला एकदम ती बचत गटाच्या रजिस्टरवर अंगठा उठवतानाची आठवली. अंगठा उठवून झाला की ती तो पदराला पुसते आणि मग पदराकडं बघते, डाग पडला का म्हणून. लहानपणी मी तिला एकदा "द्वारकाबाई" लिहून दिलं होतं गिरवायला. तिनं "द्वा" बघितला आणि म्हणाली, याच्यात तर एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात घुसलंय, हे माझ्यानं व्हायचं नाय. मग मी खेळायला गेलो. परत कधी बसलोच नाही तिच्याबरोबर. हे सगळं आठवत बसलो आणि वर बघितलं तर अकरा मिनिटं गेलेली. मग मी "गृहीत धरलेले नाही"वर खूण केली, कारण गोष्टच खोटी आहे. शेवटच्या नऊ प्रश्नांना हातच लागला नाही. निकाल दहा-बारा दिवसांत कळवतात.

अर्जात एक रकाना होता, आधीच्या नोकऱ्या का सोडल्या. तिथं मी खरं लिहिलं. मग वाटलं, अनोळखी कंपनीला खरं आणि तुम्हाला खोटं हे बरं नाही. सुरतेची नोकरी मालकाशी पटलं नाही म्हणून सोडली असं मी तुम्हाला कळवलं होतं. तसं नव्हतं. कावीळ झाली होती. एकोणीस दिवस दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवर कापडाच्या गिरणीतले एक चाचा होते, त्यांची मुलगी त्यांच्यासाठी उसाचा रस आणायची, त्यातला अर्धा ते मला द्यायचे. मी बरा होऊन बाहेर पडलो तेव्हा ते अजून तिथंच होते. एवढंच. आईला यातलं काही कळू देऊ नका. तिचा फोन येतो तेव्हा ती "जेवलास का" विचारून दोन मिनिटांत ठेवते, त्यात मी हे कसं सांगणार. हे पत्र तिच्या हाती पडलं तरी हरकत नाही, तिला अक्षरं म्हणजे काळ्या मुंग्या. फक्त वाचून दाखवू नका.

आता तुमचा लेखनिक. तुमचीच रेघ तुमच्यावर चालवतो, रागावू नका.

रेघेवर: पेन एवढं दाबून लिहिलंय की कागदाच्या मागं हात फिरवला तर अक्षरं लागतात. "चिरंजीव"मधली चि दीर्घ आहे, तुम्ही असली चूक झोपेतसुद्धा करणार नाही. तुम्ही "येथे" म्हणता, पत्रात "इथं" आलंय. एके ठिकाणी "लई". अद्रकीची कीड, जिची तुम्ही जन्मात चौकशी केली नाही. पाकिटाच्या कोपऱ्यावर पिठाचं एक बोट. आणि दहीसाखर, जी तुम्ही मानत नाही. आमच्या घरात मात्र बाबा दहीसाखर खाल्ल्याशिवाय बैल-बाजाराला निघत नाहीत.

रेघेखाली: तुमच्याकडं येऊन बसणारं कोण? शेजारचा आकाश पुण्याला गेला. गिरणीवाल्या बन्सीला आकड्यांपलीकडं काही लिहिता येत नाही. आईचा तर प्रश्नच नाही. राहिले बाबा. सातवी शिकलेत, नांगर धरावा तसं पेन धरतात. आणि रोज संध्याकाळी बन्सीच्या गिरणीवर गप्पा मारायला बसतात, पीठ तिथलंच. काका, बाबा लिहितात ना ही पत्रं? दोन वर्षं माझ्याशी एक शब्द न बोलणारा माणूस तुमच्यापुढं बसून मला "अनेक आशीर्वाद" लिहितो, असं मनात आलं आणि पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. पाच घरांपैकी एकावर खूण करून पाठवा.

तुमचा
सोमनाथ

*

पिशोर
२ डिसेंबर २०२५

चिरंजीव सोमनाथ यास अनेक आशीर्वाद.

चि ऱ्हस्व केली आहे, पाहून घ्यावी. त्यासाठी पाटीवर वीस वेळा लिहिली गेली.

उत्तरास विलंब झाला. तुझे पत्र लेखनिकाने माझ्याआधी वाचले. पाकीट फोडण्याची परवानगी मीच दिलेली आहे. त्यानंतर दोन दिवस लेखन बंद होते. कारण विचारले नाही. वरच्या कोपऱ्यात डाग आहे तो शाईचा आहे असे मला सांगण्यात आले.

सतराव्या प्रश्नाबद्दल. तुझी खूण चुकली. गृहीतक खरे की खोटे, असे तुला विचारलेच नव्हते. बोलणाऱ्याने ते धरले आहे की नाही, इतकेच विचारले होते. वाचनालयाने सर्वांना बातम्या कळतील असे जो म्हणतो, त्याने सर्वांना वाचता येते हे धरलेलेच आहे. बोललेला नाही, म्हणून ते त्याला स्वतःलाही दिसत नाही. माणूस ज्याच्यावर उभा असतो ते त्याला दिसत नाही. अर्ज लिहिताना मला याचा फार त्रास होई. लोक रेघेवरचे नीट सांगत, रेघेखालचेही कबूल करीत. पण रेघ ओढण्याआधी ज्या चटईवर येऊन बसले, तिच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नसे.

कावीळ पुरती उतरली काय. डोळे पांढरे आहेत काय. तळलेले खात नाहीस ना. खोलीवर स्वयंपाक कोण करते. तो मंदार आंघोळ करून स्वयंपाकाला लागतो काय. हे प्रश्न मी सांगितलेले नाहीत, तरी लिहिले जात आहेत. मी पाहतो आहे. अडवता येत नाही.

तू लेखनिकाविषयी केलेला तपास मी दोनदा वाचला. रेघेवरचे सगळे बरोबर. एकही खूण सुटलेली नाही, मला अभिमान वाटला. रेघेखालची पायरीही सरळ आहे. तरी चूक आहे की नाही ते मी सांगणार नाही. तुला पाच घरांपैकी एक हवे होते, माझी खूण "माहिती अपुरी"वर. इतकेच सांगतो की तुझ्या पत्रात चार शब्दांचे एक वाक्य आहे, ते तू वर लिहिले नाहीस आणि खालीही तपासले नाहीस. चालता चालता टाकून पुढे गेलास. ते शोध.

या ठिकाणी ओळ वाकडी झाली आहे, लेखनिकाला हसू आल्यामुळे.

निकाल काय लागतो ते कळव. नाही लागला तरी कळव. कार्डाशिवाय येऊ नये असे तुझ्या वडिलांचे म्हणणे असेल. या घरात तसा काही नियम नाही.

अनंतराव

*

पुंडलिकनगर
११ डिसेंबर २०२५

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

या वेळी टाळलं नाही. काल संध्याकाळी मुलाखतीहून आलो, आज सकाळी लिहायला बसलो. मंदार कामावर गेलाय, खोलीत मी एकटा आहे आणि खाली भंगारवाला ओरडतोय, पण मी उतरलेलो नाही. हे लिहून ठेवावं असं वाटलं.

मुलाखतीला बोलावलं होतं. नीरजा मॅडमनी माझा निकाल टेबलावर ठेवला. पहिल्या भागात सोळापैकी चौदा. गृहीतकांच्या भागात आठपैकी तीन. बाकीचं वेळ संपल्यामुळं अर्धवट. त्या म्हणाल्या, असा कागद त्यांनी आधी पाहिला नव्हता, एका बाजूला हुशार आणि दुसऱ्या बाजूला आंधळा. सतराव्या प्रश्नावर अकरा मिनिटं का, असं त्यांनी विचारलं. कॉम्प्युटर तेसुद्धा मोजतो. मी आईचं सांगितलं, बचत गटाचं रजिस्टर, पदर, सगळं. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही प्रश्नाचं उत्तर नाही दिलं, गावाचं दिलंत."

मला वाटलं, झालं. उठायला लागलो. त्या "बसा" नाही, "चला" म्हणाल्या. मागच्या बाजूच्या गोदामात नेलं आणि एक कोरा कागद दिला. पंधरा मिनिटांत इथं जे आहे ते लिहा म्हणाल्या, आणि गेल्या.

मी मधोमध रेघ ओढली. वर लिहिलं: शिडीचा एक पाय आखूड, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी. आग विझवायचं नळकांडं तीन खोक्यांच्या मागं. खिडकीची काच तडकलेली, तिला आतून चिकटपट्टी. जमिनीवर एकच चप्पल, डाव्या पायाची. खाली लिहिलं: शिडी कुणीतरी रोज वापरतं. चप्पल घाईत सुटली. आणि मग, काका, तुमची चटई आठवली. कागद उलटा केला आणि मागं लिहिलं: मी हे धरून चाललोय की गोदाम रोज असंच असतं. कदाचित माझ्यासाठी मुद्दाम मांडलेलं असेल.

मॅडम कागदाची मागची बाजू वाचून हसल्या. मुद्दामच मांडलेलं होतं. आतापर्यंत अकरा जणांना आत पाठवलं, मागं लिहिणारा मी पहिला. ही रेघ कुठल्या क्लासला शिकवतात, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, कन्नडच्या तहसीलसमोर.

तीन महिने तात्पुरतं घेतलंय. पंधरा तारखेला, सोमवारी, रुजू व्हायचं आणि त्याच दिवशी कार्ड मिळणार. फोटो काढून झालाय, माझे डोळे त्यात अर्धे मिटलेत. एकवीस तारखेच्या रविवारी मी पिशोरला येतो. कार्ड गळ्यात घालून बसमध्ये बसणार, लोक हसले तरी.

आता तुमचं कोडं. चार शब्दांचं वाक्य शोधायला मी माझं पत्र आठवून आठवून पाहिलं, पण पाठवलेलं पत्र माझ्याकडं थोडंच असतं. कच्चा कागद मंदारनं चहाच्या कपाखाली ठेवला होता, अर्धा पुसलाय. "बन्सीला लिहिता येत नाही" हे असेल असं वाटलं, पण त्याला खरंच येत नाही, मी त्याची उधारीची वही लहानपणापासून बघतोय, सगळे आकडे आणि चित्रं. माझं मत अजून तेच आहे. बाबाच. आणि बाबाच हे वाचत असतील तर त्यांना एवढं सांगा की रविवारी मी आलो म्हणजे आपण दोघं तुमच्या ओट्यावर बसून

काका, ही ओळ इथं तुटली ती तुटलेलीच राहू द्या. अर्धा तास झाला तिला.

झालं असं. दाराबाहेर कुणीतरी आमची पाटी वाचत होतं. मोठ्यानं, एकेक अक्षर जोडून. पाटीवर मंदारचं नाव छापलेलं आहे आणि त्याच्याखाली माझं, मी स्केचपेननं लिहिलेलं. "मं... दा... र," बाहेरून आलं. मला वाटलं जनगणनेवाले असतील, म्हणून मी गप्प बसून लिहीत राहिलो. मग, "सो... म... ना... थ." आणि कडी वाजली.

दारात आई. एकटी. हातात भाकरीचं गाठोडं.

मी गाठोडं हातात घेतलं. ती आत येण्याआधी एकदा पाटीकडं बघून म्हणाली, "थ नीट काढ की रं. ध वाटतो." मी विचारलं, इथवर कशी आलीस, घर कसं सापडलं. ती म्हणाली, तुझा पत्ता मीच तर घालते पाकिटावर, आता पाठ झालाय. एसटीची पाटी वाचली, चौकातल्या मंदिराची वाचली, गल्लीचा नंबर वाचला. एका रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं होतं, त्यालाही पाटी दाखवून परत फिरवलं. बाबांनी पिशोरला गाडीत बसवून दिलं. गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभे होते. बोलले काही नाहीत. यावरून मी अजून कुठल्याही घरात खूण करत नाही.

मग तिनं मला खिडकीपाशी नेलं, माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली, डोळ्यातला पांढरा भाग बघितला, दुसऱ्या डोळ्याचाही बघितला. बघून झाल्यावर म्हणाली, "काळ्या मुंग्या व्हय रं?"

तुमच्याशी बोलायला पाटी लागते आणि तुमच्याकडं रोज कोण येतं, हे मी स्वतःच तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं होतं. वर हातवारेही मीच घातले.

आता ती मोरीत हात-पाय धुतेय, तेवढ्यात हे लिहितोय. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडलाय, त्यावर निळी शाई आहे, आणि नखांत पहाटेच्या भाकरीचं पीठ. गिरणीचा काही संबंध नव्हता, काका. पत्र मिटत नाही, उघडंच ठेवतो. बाहेर आली की तीच वाचेल.